ड्रम्स वाजवणारा कवी

रॉक संगीत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते लांब केस, कर्णकर्कश आवाज आणि धुराने भरलेला रंगमंच. घरातल्या वडीलधाऱ्यांना तर तो निव्वळ धांगडधिंगा वाटतो. अशा बँडमध्ये सर्वांत मागे बसून ड्रम्स बडवणारा माणूसच त्याची गीते लिहितो आणि रिकामा वेळ मिळाला की पुस्तकात डोके घालून बसतो, यावर चटकन विश्वास बसत नाही. पण कॅनडाच्या 'रश' या बँडचा नील पिअर्ट असाच होता.

१९५२ साली जन्मलेल्या नीलच्या वडिलांचा शेतीच्या यंत्रांचा व्यवसाय होता. तेराव्या वर्षी आईवडिलांनी त्याला दोन काठ्या नि सरावाचा पॅड आणून दिला, शिकवणी लावली. अट एकच: वर्षभर टिकलास, तर खरे ड्रम्स मिळतील. मुलगा टिकला! अठराव्या वर्षी नशीब काढायला तो लंडनला गेला. तिथे डाळ शिजली नाही, तेव्हा परत येऊन वडिलांकडे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकू लागला. १९७४च्या जुलैत 'रश'ने त्याला घेतले आणि दोनच आठवड्यांनी तो अमेरिकेत हजारो श्रोत्यांपुढे वाजवत होता. गायक गेडी ली आणि गिटारवादक अ‍ॅलेक्स लाइफसन यांना गीतलेखनाची फारशी हौस नव्हती. हा सारखा वाचत असे, म्हणून ते कामही त्याच्याकडे आले.

पुढची वीस वर्षे यशाची. पण मला त्या यशापेक्षा १९९४ सालची गोष्ट मोठी वाटते. जगभरचे ड्रमर ज्याला मानत, तो नील बेचाळिसाव्या वर्षी फ्रेडी ग्रुबर नावाच्या वृद्ध गुरूकडे शिकायला गेला. काठी धरण्याची पद्धत बदलली, बैठक बदलली, रोज तासन्‌तास रियाज केला. आपल्याकडे नावाजलेला तबलजी या वयात पुन्हा बोटे घासायला बसेल का?

आणि मग घरावर कुऱ्हाड कोसळली. ऑगस्ट १९९७मध्ये एकोणीस वर्षांची एकुलती एक लेक मोटार अपघातात गेली. दहा महिन्यांनी तिची आईही गेली. डॉक्टरांच्या लेखी कारण कर्करोग. नीलच्या मते तिला मुलीच्या दुःखाने नेले. मी आता निवृत्त झालो असे समजा, असे त्याने लेकीच्या अंत्यविधीच्या वेळीच सोबत्यांना सांगितले होते. त्या दोघांनी ना आग्रह केला, ना दुसरा ड्रमर शोधला. ते थांबले.

नीलने मोटारसायकल काढली. क्यूबेकमधल्या घरून निघून अलास्का, मेक्सिको, बेलीझ... चौदा महिन्यांत सुमारे ८८,००० किलोमीटर. आपल्या आत एक तान्हा जीव आहे आणि तो हलत्या गाडीतच शांत राहतो, असे त्याला वाटे. या प्रवासावरचे त्याचे 'घोस्ट रायडर' हे पुस्तक २००२ साली आले. त्याच वर्षी 'रश'ची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. तिची सुरुवात गिटारने नव्हे, नीलच्या ड्रम्सने होते.

२००० साली त्याने पुन्हा लग्न केले होते. २००९मध्ये मुलगी झाली. पुढे दौऱ्यांपेक्षा घर त्याला प्रिय झाले, खांदेही कुरकुरू लागले. ऑगस्ट २०१५मध्ये लॉस एंजेलिसला शेवटचा कार्यक्रम झाला. चिमुकली मात्र शाळेतल्या मैत्रिणींना ऐटीत सांगे, माझे बाबा निवृत्त ड्रमर आहेत!

हे सुख थोडेच लाभले. मेंदूच्या कर्करोगाशी साडेतीन वर्षे झुंजून ७ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी तो गेला. एवढा काळ गेडी आणि अ‍ॅलेक्स यांनी आजाराची बातमी बाहेर फुटू दिली नाही, कारण नीलची तशी इच्छा होती. ऑक्टोबर २०२५मध्ये या दोघांनी पुन्हा दौरा जाहीर केला, तोही आनिका निलेस या जर्मन तरुणीला ड्रम्सवर घेऊन. नीलच्या पत्नीने व मुलीने त्यांना मनापासून पाठिंबा दिला.