थंडी पडली, गुडघे धरले

निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागायतदारांच्या घरात पहाटेच दिवे लागतात. पक्व होत आलेल्या मण्यांना थंडीनं तडे जाऊ नयेत म्हणून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात, धूर केला जातो. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार, म्हणून ते ठिबकनं मुळांशी सोडलं जातं. राज्यात थंडीची बातमी आली की निफाडचा आकडा तिच्यात असतोच; काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेला आहे. वेलीची अशी बडदास्त राखणाऱ्या घरातली आजी मात्र चुलीपुढून उठताना भिंत धरते. थंडी पडली, गुडघे धरले, एवढं म्हटलं की घरादाराला सगळं समजतं. मग तिला शाल गुंडाळून खाटेवर बसवलं जातं आणि ‘आता उठायचं नाही’ अशी प्रेमळ ताकीद मिळते.

दुखणं वाढतं ते या ताकिदीनं.

थंडीनं सांधे जास्त दुखतात का, हा वाद जुना आहे. १९९६ साली रेडेलमायर आणि ट्व्हर्स्की या संशोधकांनी संधिवाताच्या १८ रुग्णांच्या दुखण्याची नोंद १५ महिने तपासली. हवामानाशी तिचा मेळ बसला नाही. दुखलं की माणूस आभाळाकडे बघतो, पण थंडी असूनही न दुखलेला दिवस कुणाच्या लक्षात राहत नाही, असा त्यांचा रोख होता. पुढे मँचेस्टर विद्यापीठानं ब्रिटनमधल्या २,६५८ जणांना मोबाइलवर रोजचं दुखणं नोंदवायला लावलं आणि ते त्या-त्या ठिकाणच्या हवेशी ताडून पाहिलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा आर्द्रता, वारा आणि हवेचा उतरलेला दाब यांचा संबंध दिसला. नुसत्या तापमानाचा ठळक संबंध दिसला नाही. दिसलेला फरकही बेताचाच होता. एरवी शंभरात पाच दिवस दुखण्याचे असतील, तर दमट आणि वाऱ्याच्या हवेत सहा.

म्हणजे आजीचं म्हणणं खोटं नाही, पण थंडी सांधा झिजवतही नाही. ती त्याला आखडवते. गुडघ्यावर मांसाचं पांघरूण कमी, त्यामुळे तो लवकर गार पडतो. भोवतालचे स्नायू ताठरतात, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. सांध्यातला वंगणासारखा द्राव गारव्यानं घट्ट होतो, असंही डॉक्टर सांगतात. त्यात थंडीमुळे माणूस घराबाहेर पडत नाही, चालणं थांबतं, मांडीचे स्नायू सैल पडतात. गुडघ्यावरचा भार पेलण्यात या स्नायूंचा मोठा वाटा असतो. ते दुबळे झाले की भार थेट झिजलेल्या कूर्चेवर येतो, दुखणं वाढतं, आणि माणूस आणखीच बसून राहतो.

डेन्मार्कचा हिवाळा निफाडपेक्षा कितीतरी कडक. तिथं २०१३ पासून ‘ग्लॅड’ नावाचा उपक्रम चालतो. गुडघा किंवा खुबा झिजलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा व्यायाम करायला लावतात. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. वाढलेलं दुखणं चोवीस तासांत पूर्वपदावर आलं म्हणजे मात्रा योग्य होती, असं तिथं समजतात.

हे घरीही जमतं, आणि सुरुवात अंथरुणातच होते. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, गुडघ्यानं ती खाली दाबायची, पाच अंक मोजून सोडायची. असं दहा वेळा. मग खाटेच्या कडेला बसून एकेक पाय समोर सरळ करायचा. शेवटी हाताचा आधार शक्य तेवढा कमी घेत खुर्चीवरून उठायचं, बसायचं. पाच-दहा मिनिटांत रात्रभर आखडलेला सांधा सुटा होतो. फिरायला मात्र पहाटे पाचला, कानटोपी घालून निघण्याचा हट्ट नको. ऊन अंगावर आल्यावर निघालं तरी पावलं तेवढीच पडतात.

शेकाचे प्रकार घराघरांत वेगळे. कुणी निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधतं, कुणी मिठाची पुरचुंडी करतं, कुणी गरम पाण्याची पिशवी घेतं. पंधरा-वीस मिनिटांची ऊब पुरते. पिशवीभोवती टॉवेल हवा. मधुमेहानं पायांची जाणीव कमी झालेल्यांना भाजल्याचं कळतही नाही, त्यांचा शेक दुसऱ्यानं हात लावून पाहावा. झणझणीत बाम चोळून वरून शेक घेतला तर कातडी पोळते.

थंडी आणि डिंकाचे लाडू यांचं नातं तोडायचं कारण नाही, पण लाडवातला डिंक सांध्यात जाऊन वंगण होत नाही. तूप, गूळ, खोबरं, खारीक यांनी वजन मात्र वाढू शकतं. गुडघ्याचं गणित इथं चोख आहे: शरीराचं वजन एक किलोनं उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी सगळा हिवाळा चालू ठेवणं महागात पडतं. जठरात व्रण होतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. गुडघ्यावर चोळायचं वेदनाशामक जेल त्या मानानं सुरक्षित. तेही डॉक्टरांना विचारून. ‘हमखास गुण’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. चार दिवस माणूस पळायला लागतो, पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

प्रत्येक दुखणं झिजेचं नसतं. झिजेतला सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजून तासभर मूठ वळत नसेल तर आमवाताची तपासणी हवी, कारण त्याची औषधं वेगळी आणि वेळेत सुरू करायची असतात. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

जानेवारीत निफाडला सूर्य सातनंतर उगवतो. नऊच्या सुमारास शेकोट्यांची राख गार झालेली असते आणि ओटा उन्हानं तापलेला. लोकरी पट्टा, पायांत मोजे, हातात काठी एवढ्या तयारीनिशी आजीला बागेच्या बांधापर्यंत जाऊन यायला वीस मिनिटं लागतात. वाटेत टेकायला एक पालथं क्रेट ठेवलं की झालं.