मनीची खाज आणि आपले घरगुती इलाज

भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकमध्ये संध्याकाळी एक फेरी मारली, तर गाडीखाली, जिन्यात, तळमजल्याच्या खिडकीत कुठे ना कुठे मांजर दिसतंच. छोट्याशा फ्लॅटमध्येही एखादी मनी सोफ्यावर ऐसपैस पसरलेली असते. मुलांची लाडकी, दुपारच्या एकटेपणातली आपली सोबतीण! पण हीच मनी दिवसभर कराकरा खाजवू लागली, की घरातला सूर बदलतो. ‘मुलांना काहीतरी होईल, बाजारात नेऊन सोडा तिला.’

मैत्रिणींनो, पाळलेलं जनावर असं सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. आणि त्याची गरजही नसते. खाज हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. कारण सापडलं की बहुतेक वेळा ती आटोक्यात येते.

सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे पिसवा. ‘आमची मनी बाहेर जातच नाही’ असं आपण म्हणतो, पण पिसवा पॅसेजमधून, आपल्या कपड्यांवरूनही घरात येतात. आपली दमट, उबदार हवा त्यांना बाराही महिने मानवते. एखाद्या मांजराला त्यांच्या लाळेचीच अ‍ॅलर्जी असते. मग दोन-चार चावेही पुरतात. मानेवर, शेपटीच्या मुळाशी बारीक खपल्या दिसतात. उवांच्या बारीक फणीने केस विंचरा आणि पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. लालसर डाग पसरला, तर ती पिसवांची घाण समजा.

कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ असेल, तर कानातल्या किड्यांची शंका घ्यावी. कानाच्या कडांवर, तोंडावर जाड खपल्या धरल्या तर खरूज असू शकते. गोल चट्टे पडून केस गेले तर नायटा. हे शेवटचे दोन माणसांनाही होऊ शकतात. म्हणून मुलांच्या अंगावर चट्टे दिसले तर त्यांनाही डॉक्टरांकडे न्या. काही मांजरांना खाण्याचीही अ‍ॅलर्जी असते. अशा वेळी डॉक्टर साधारण आठ आठवडे ठराविकच खाणं द्यायला सांगतात. त्या काळात उत्तनच्या बोंबलाचा एक तुकडासुद्धा चालत नाही बरं का!

आणि हो, प्रत्येक मांजर खाजवतंच असं नाही. काही नुसतीच चाटत बसतात. पोटावरचे केस विरळ झाले, तर तीही खाजच समजा.

खरा धोका आपल्या घाईच्या इलाजांत आहे. कुत्र्यांच्या पिसवांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला मात्र झटके येऊन जीवही जाऊ शकतो. मांजराचं यकृत अशी अनेक रसायनं पचवू शकत नाही. शिवाय अंगाला लावलेलं सगळं ते चाटतं. म्हणून फिनेल, जंतुनाशकाचं पाणी, रॉकेल, कापूर, निलगिरीचं तेल काहीही लावू नका. आणि पॅरासिटामॉलची गोळी? एकसुद्धा जीवघेणी ठरू शकते.

मग करायचं काय? डॉक्टरांकडे जाण्याआधी मनीला आंघोळ घालू नका, नाहीतर खुणा धुऊन जातात. खाज कधी सुरू झाली, कुठे आहे, खाणं काय, आधी काय लावलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मग वजनानुसार औषध देतात. जवळ सोय नसेल, तर परळला १८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

पिसवा निघाल्या तर घरातल्या सगळ्या जनावरांना औषध द्यावं लागतं, तेही काही महिने नेमाने. पिसवांची अंडी अंगावरून गळून सोफ्याच्या फटीत, गोधडीत पडतात आणि कोषातली पिसू कित्येक आठवडे दडून राहते. मनीचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवा, कोपरे रोज झाडा.

जखम, पू, खाणं बंद, किंवा पिल्लू मलूल झालेलं दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नका. पिसवा रक्त पितात, आणि इवल्याशा पिल्लाच्या अंगात रक्त ते किती असणार!