कपाटातली गोळी

आजीला झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घरातल्या कपाटात असते. तिच्यावर कंपनीचं नाव असतं, मुदत छापलेली असते. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाला वाटतं, ‘हे ड्रग थोडंच आहे, हे तर औषध!’ मानसोपचाराच्या निमित्तानं भेटणाऱ्या पालकांचाही हाच समज मला दिसतो.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही यातली नेहमीची नावं. मालेगावात अल्प्राझोलामला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन मज्जापेशींची धावपळ आवरतं. या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. भीती ओसरते, झोप येते. पण काही आठवडे रोज घेतल्या की मेंदू त्यांच्यावर विसंबतो आणि तेवढ्याच गुणाला जास्त गोळ्या लागतात. दारू किंवा कोडीनयुक्त खोकल्याचं औषध सोबत घेतलं, तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

मग अशी औषधं मुलांना देऊच नयेत का? तसं नव्हे. अतिचंचल, लक्ष न लागणाऱ्या मुलाला मिथिलफेनिडेट मोजून दिलं, तर तो वर्गात स्थिर बसू लागतो. तीच गोळी मित्रानं परीक्षेच्या जागरणासाठी मागून घेतली, तर त्याची झोप उडते, छातीत धडधडतं. औषध तेच, फरक कोणाला, किती आणि कोणाच्या देखरेखीखाली, याचा.

मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतली औषधं विकताना दुकानदारानं रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. अल्प्राझोलाम आणि कोडीन त्या यादीत आहेत. घरच्या कपाटाला मात्र अशी वही नसते. ती आपण ठेवावी. गोळ्या मोजाव्यात, कुलपात ठेवाव्यात, मोठ्या माणसानंच हातावर द्याव्यात.

आणि गोळ्या कमी भरल्या तर? आरडाओरडा नको. भीतीपोटी सगळ्या फेकूनही देऊ नका. रोज घेणाऱ्यानं झोपेची गोळी एकदम थांबवली, तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी लागते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ आणि व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. मुलाला आधी एवढंच विचारा, ‘झोप लागत नाही का रे? कसली काळजी आहे?’ पुष्कळदा गोळीच्या मागे हेच दडलेलं असतं.