बॉयलरवाल्यांचा संघ

दसरा जवळ आला की आपल्या कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपनाची गडबड सुरू होते. पूजा होते, नारळ फुटतो, आणि धुराड्यातून धूर दिसला की पंचक्रोशीला कळते, हंगाम आला! बॉयलर हा शब्द आपल्याकडे असा मानाचा. पण अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या पोरांना तोच शब्द हिणवण्यासाठी मिळाला होता. ती हकीकत सभासद बंधु-भगिनींना आवडेल असे वाटल्यावरून येथे देत आहोत.

इंडियाना राज्यात वेस्ट लाफायेट येथे पर्ड्यू विद्यापीठ आहे. जॉन पर्ड्यू नावाच्या व्यापाऱ्याने दीड लाख डॉलर दिले, १८६९ साली संस्था निघाली. कष्टकऱ्यांच्या मुलांना शेती आणि यंत्रविद्या शिकवावी, या सरकारी धोरणातून निघालेल्या कॉलेजांपैकी हे एक. साहजिकच पोरांचे हात तेलाने नि काजळीने माखलेले. १८९१ साली तर कॉलेजने अभ्यासासाठी रेल्वेचे खरेखुरे इंजिनच आणले!

त्याच वर्षी ऑक्टोबरात पर्ड्यूचा संघ जवळच्या क्रॉफर्ड्सव्हिल गावी वाबाश कॉलेजशी फुटबॉल खेळायला गेला. (हा फुटबॉल म्हणजे लांबोळका चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जाण्याचा खेळ, आपल्या फुटबॉलशी त्याचा संबंध नाही.) पर्ड्यूने ४४-० असा धुव्वा उडवला. आता हरलेल्या गावाला काहीतरी बोलायला हवेच ना! तिथल्या वर्तमानपत्राने या पोरांना 'आडदांड बॉयलर घडवणारे' म्हणून मथळ्यातच झोडपले. कोळसा उपसणारे, गोदीतले हमाल, अशीही विशेषणे लावली गेली. आम्ही डोक्याने खेळतो, हे नुसते अंगाच्या जोरावर जिंकले, असा त्यातला रोख.

बॉयलर घडवणे म्हणजे काय, हे आपल्या कामगारांना सांगायला नको. त्या काळी जाड पत्रे रिव्हेटांनी जोडत. लालबुंद रिव्हेट भोकात घालायचा, एकाने पिंपाच्या आत बसून तो दाबून धरायचा, बाहेरून दुसऱ्याने घण घालायचा. त्या आवाजाने कित्येकांचे कान कायमचे जात. असल्या कामाची टिंगल करावी, ती बहुधा त्याची ऊब घेणाऱ्यांनीच!

पर्ड्यूची पोरे मात्र चिडली नाहीत. हेच नाव असू दे, म्हणाली. 'बॉयलरमेकर्स' हे नाव संघांना कायमचे चिकटले. १९४० साली मोटारगाडीच्या सांगाड्यावर रेल्वे इंजिनाचा साज चढवून त्यांनी संघाचे वाहनही केले. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग याच विद्यापीठात शिकला. म्हणजे तोही बॉयलरवालाच की!

आपली पोरे बाहेरगावी कबड्डी खेळायला गेली, की 'मळीचा वास आला रे' असे कोणीतरी बोलतेच. पोरे मान खाली घालून मैदानात उतरतात. यंदा संघाला नवे बनियन शिवायचे आहेत. त्यावर काय नाव छापायचे, ते पोरांनीच ठरवावे.