बसून ९७, चालल्यावर किती?

मुलुंडकरांनो, २०२१च्या दुसऱ्या लाटेत आरोग्य खात्याने सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी आठवते? अनेकांना ती कोरोनासाठीच निघाली असं वाटतं. खरं तर फुप्फुसांच्या जुनाट आजारांत ती कितीतरी आधीपासून वापरात आहे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२मध्ये तिची नियमावलीही काढली.

सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा जुनाट आजार) किंवा आयएलडी (फुप्फुसांच्या ऊती जाड करणारे आजार) असलेल्या माणसाचा ऑक्सिजन खुर्चीत बसून बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९६-९७ टक्के दिसू शकतो आणि घरचे निश्चिंत होतात. चालताना मात्र रक्त फुप्फुसांतून वेगाने जातं. आयएलडीत तिथल्या हवेच्या पिशव्यांच्या भिंती जाड झालेल्या असतात, त्यामुळे तेवढ्या कमी वेळात रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. आकडा धाडकन खाली येतो. तो ८८ किंवा त्याखाली गेला, तर चालताना ऑक्सिजन लावायचा का, याचा विचार डॉक्टर करतात.

चाचणीला ३० मीटरचा सपाट, सरळ पॅसेज हवा. आपल्या सोसायट्यांत एवढा पॅसेज क्वचितच असतो आणि सारखं वळावं लागलं की सहा मिनिटांत चाललेलं अंतर कमी भरतं. दम लागला तर थांबायला हरकत नाही, घड्याळ मात्र चालूच राहतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चालतानाचा सर्वांत कमी आकडा. थांबल्यावर मोजलं तर तो बऱ्याचदा निसटतो. बोट गार असेल किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवतो.

जुनाट आजार असलेल्यांनी ही चाचणी घरी एकट्याने करू नये. नुकताच हार्ट अटॅक आलेल्यांनी तर नाहीच. घरात कुणाला जिना चढताना धाप लागत असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना नक्की विचारा: "चालवून बघायचं का?"