घरघर, रेक्झिन आणि फोम

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला 1500 फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला 75 वेळा इंधन पेटतं. तेही ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मधल्या कव्हरखाली. घाट चढताना जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये जी घरघर छातीत भरून राहते, तिचं मूळ या 75 हर्ट्झमध्ये आहे.

ती थांबवायला बहुतेक जण काळा, उंचवट्यांचा फोम आणून छताला चिकटवतात. फोम आवाज शोषतो हे खरं, पण त्याला जाडी लागते. आवाज चांगला जिरायचा तर ती तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास हवी. 75 हर्ट्झची तरंगलांबी साडेचार मीटर, म्हणजे फोम मीटरभराहून जाड हवा. एवढा फोम भरल्यावर ड्रायव्हरला टपावरच बसावं लागेल! इंचभर फोमने टर्बोची शिट्टी मऊ होते, घरघर हलत नाही.

घरघर पकडायची तर आधी पत्र्याकडे वळावं. दाराचा आतला रेक्झिन काढून उघड्या पत्र्यावर बोटाने टिचकी मारा, तो टणटणतो. त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पातळ पाठ असलेली ब्युटाइल रबराची शीट रोलरने दाबून बसवा आणि पुन्हा टिचकी मारा. आता नुसता ‘थप्’ होतो. पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात सापडलेलं रबर प्रत्येक कंपनाबरोबर ताणलं जातं आणि कंपनाची ऊर्जा उष्णता होऊन विरते. सगळं दार मढवायची गरज नसते. मधला थरथरणारा भाग झाकला तरी मोठा फरक पडतो. डांबरी शीट स्वस्त मिळते, पण मे महिन्याच्या उन्हात ती वास सोडते आणि लोंबायला लागते.

पुढचं काम वजनाचं. भिंतीचं वजन दुप्पट केलं, की पलीकडे जाणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणून इंजिन कव्हरवर आणि तळाला फोमचा थर देऊन वर जड व्हिनाइल अंथरतात. पण गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असेल, तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. भिंतीचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी ती भिंत कितीही जड असो, 20 डेसिबलपेक्षा जास्त आवाज अडवू शकत नाही. पेडलची भोकं, वायरिंगच्या वाटा, दाराची कड हे सगळं बुजवायला फारसा खर्चही येत नाही. थोडे डेसिबलही कानाला मोलाचे असतात: 85 डेसिबलमध्ये आठ तास काढता येतात असं धरलं, तर 88 मध्ये चारच.

खरी पंचाईत साफसफाईची. केबिन हे ड्रायव्हरचं ऑफिसही आणि झोपायची खोलीही. चहा, ग्रीस, तंबाखू, चिखल सगळं तिथेच. जो पदार्थ आवाज पितो तो घाणही पितो, आणि फडक्याने पुसता येणारा गुळगुळीत पृष्ठभाग आवाज परत फेकतो. यावरची तोड जागेनुसार काढावी. छत कानाजवळ असतं आणि तिथे हात कमी लागतो. तिथे फोमवर बारीक भोकांचं रेक्झिन चालतं. इंजिनाच्या बाजूला अगदी पातळ प्लास्टिकचा पापुद्रा चढवलेला फोम घ्यावा. तेल आत मुरत नाही, आवाज बराचसा आत जातो. खांद्याखाली मात्र सलग, गुळगुळीत व्हिनाइलच.

तळाला एकसंध मॅट, कडा वर वळवलेली. तिच्याखाली साधा स्पंज नको. तो पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो आणि तळाचा पत्रा न दिसता गंजतो. बंद पेशींचा, पाणी न पिणारा नायट्राइल किंवा पॉलिइथिलीन फोमच तिथे टिकतो. मॅट डिंकवून टाकू नका. उचलून धुता आली पाहिजे.

2025 मध्ये नव्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. काचा बंद राहतील, तशी वाऱ्याची आणि रस्त्याची गडबड बाहेर राहील. जुन्या गाड्यांची केबिन मात्र अजून बॉडीवाल्याच्याच हाती आहे आणि तिथे पॅकिंगचा फोम सर्रास वापरला जातो, हे मला सर्वांत धोक्याचं वाटतं. पॉलियुरेथेन पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सोडतो. वाहनाच्या आतल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस 15061 हे भारतीय मानक आहे. फोम त्यात बसतो का, हे दुकानदाराला विचारा; उत्तर मिळालं नाही तर तो घेऊ नका.