प्रत्येक पांढरा डोळा मोतीबिंदूचा नसतो



साठी उलटलेल्या माणसाला अंधुक दिसू लागले की घरात म्हणतात, "मोतीबिंदू असेल, पिकला की काढू." पण मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो, सावकाश वाढतो आणि सहसा दुखत नाही. डोळा लाल होऊन खुपत असेल, उजेड सोसत नसेल, काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, तर दुखणे बहुधा पुढच्या पारदर्शक पडद्याचे, म्हणजे पारपटलाचे असते. हा पडदा मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. जखम खोल गेली की बरी होऊनही फूल राहते.

आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे उसाची पात. तिच्या करवती कडेने ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी शिरते. ही जखम कित्येकदा हळूहळू पसरते, म्हणून माणूस अंगावर काढतो. वयस्करांत आणखी कारणे असतात:

(१) पापणीचे केस आत वळून घासणे.
(२) लकव्याने पापणी पुरती न मिटणे.
(३) मधुमेह किंवा जुन्या नागिणीने पारपटल बधिर होणे. मग लागलेले कळतच नाही.
(४) अश्रूपिशवीत पू साठणे.
(५) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पारपटलाला सूज. यात सकाळी जास्त अंधुक दिसते, दिवस चढेल तसे निवळते.

डॉक्टर आधी विचारतात : काय लागले, केव्हा लागले, कोणते थेंब घातले? कापसाच्या टोकाने स्पर्श करून बधिरपणा पाहतात. रंगाचा थेंब घालून निळा उजेड टाकला की जखम हिरवी चमकते. मग डोळा बधिर करून जखमेचा नमुना खरवडून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू बऱ्याचदा त्याच दिवशी दिसतात. रक्तातील साखरही तपासावी लागते.

हा खटाटोप कशासाठी? ऊस पिवळा पडला म्हणून आपण लगेच युरिया फेकत नाही. लोह कमी आहे की पाणी साचले, ते आधी बघतो. इथेही तेच. जिवाणू, विषाणू आणि बुरशी यांची औषधे वेगवेगळी आहेत. दुकानातून परस्पर आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, बरे वाटते, पण आत बुरशी फोफावते.

तेव्हा ऊस तोडताना, पाचट काढताना साधा चष्मा लावा. पात लागलीच तर डोळा चोळू नका. दूध, मध, पाल्याचा रस घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि आधी घातलेल्या थेंबांची बाटली सोबत न्या.